खाटकाकडचा भेजा आणि चेतासंस्थेचा पहिला धडा

मेंदूची आकृती पाठ होते आणि परीक्षा संपल्यावर आठवडाभरात पुसली जाते. कागदावर सगळे भाग एकाच पातळीत चिकटवलेले असतात. कुठला भाग कशाच्या आड लपलाय, कोण कोणाला जोडलंय, हे बोटांना कधी कळलेलंच नसतं. बेडूक आणि झुरळं फाडण्याचे दिवस आता बहुतांश गेले, पण बोकडाचा भेजा मटणाच्या दुकानात मिळतो. त्यासाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही, आणि त्याची मांडणी माणसासकट सगळ्या सस्तन प्राण्यांसारखीच असते. वजन साधारण १०० ते १३० ग्रॅम, म्हणजे तळहातावर मावणारं.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. भाग हाती आला की नावाच्या मागे लागू नका. आधी विचारा, इथे माहिती कुठून येते आणि कुठे जाते? मग विचारा, हा बिघडला तर जनावर काय करेल? नाव त्यानंतर आपोआप चिकटतं.

आणताना

दुकानात नुसतं ‘भेजा द्या’ म्हटलं की मुंडी सत्तुराने उभी दुभागली जाते आणि हातात दोन चेंदलेले तुकडे येतात. अभ्यासाला ते निरुपयोगी. आदल्या दिवशी सांगून ठेवा की भेजा अख्खा हवाय, मुंडी उभी फोडायची नाही. काढायची पद्धतही दाखवा. दोन्ही डोळ्यांच्या मागे कवटीवर एक आडवा छेद, त्याच्या टोकांपासून मागे मणक्याच्या भोकापर्यंत दोन बाजूंना दोन छेद, आणि मग वरचं झाकण उचकटून घ्यायचं. रविवारची गर्दी सोडून जा. वेळ असेल तर बहुतेक जण हे करून देतात.

झाकण निघाल्यावर मेंदू ओढायचा नाही. मुंडी उलटी धरा, मेंदू स्वतःच्या वजनाने थोडा लोंबू द्या, आणि खालून निघणाऱ्या चेता, म्हणजे संदेश नेणाऱ्या नसा, लहान कात्रीने एकेक कापत जा, शक्यतो हाडाजवळ, म्हणजे मेंदूकडे लांब शेंडी राहते. ओढाताणीत दोन गोष्टी हमखास तुटतात. पहिली म्हणजे पुढे नाकाच्या हाडाच्या खोबणीत रुतलेले घ्राणकंद. दुसरी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी. ती कवटीच्या तळाशी हाडाच्या खळग्यात, जाड पडद्याखाली बसलेली असते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. ती हवी असेल तर खळग्याभोवतीचा पडदा आधी टोकदार पात्याने गोल कापून घ्या.

त्याच खळग्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं दिसेल. शेळ्या-मेंढ्यांत मेंदूकडे जाणारं रक्त या जाळ्यातून जातं, आणि नाकाकडून थंड होऊन परतणारं रक्त त्याला निववतं, त्यामुळे उन्हात अंग तापलं तरी मेंदू कमी तापतो. ग्रीक वैद्य गेलनने दुसऱ्या शतकात प्राण्यांत हे जाळं पाहिलं आणि माणसातही असणार असं धरून चालला. शरीररचनेचा अभ्यासक वेसालियसने १५४३ मध्ये ते माणसात नसल्याचं छापून टाकेपर्यंत तेच शिकवलं जात होतं. नमुना एका प्राण्याचा आणि निष्कर्ष दुसऱ्याचा असं आपल्याकडूनही होऊ शकतं, हे मनात ठेवा.

भेजा दुकानातलाच घ्या. गोठ्यात किंवा रानात आपोआप मेलेल्या जनावराचा मेंदू कधीही काढू नका. रेबीजचा विषाणू चेतांमधूनच मेंदूत पोचतो, आणि जनावर कशाने मेलं हे बाहेरून पाहून कळत नाही. दुकानातला भेजा असला तरी हातमोजे घालाच.

घट्ट करून घेणं

ताजा भेजा घट्ट दह्यासारखा असतो. त्यावर सुरी चालवली की तो फाटतो, कापला जात नाही. म्हणून आधी तो घट्ट करावा लागतो. आणल्यावर तास-दोन तासांत हे सुरू व्हायला हवं, कारण मेंदू इतर मांसापेक्षा लवकर विरघळायला लागतो. तोपर्यंत पिशवीत घालून बर्फावर ठेवा, पण फ्रीझरमध्ये नाही. ताजा मेंदू गोठवला की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळल्यावर लगदा उरतो. सर्वांत जास्त नमुने याच पायरीवर वाया जातात.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिन वापरतात. बाजारातल्या तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, मेंदूच्या दहापट द्रावण, दोन आठवडे. बरणीत मेंदू तळाला टेकला तर ती बाजू चपटी होते. म्हणून तळाच्या मधल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो उलटा लटकवतात. कापायच्या आदल्या रात्री वाहत्या पाण्यात ठेवून द्रावण धुऊन काढतात. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते आणि ते कर्करोगकारक आहे. घरी ते आणूच नका.

घरी औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. रुंद तोंडाच्या बरणीत तळाला कापसाचा जाड थर, त्यावर मेंदू, आणि तो पूर्ण बुडून वर चार बोटं राहील इतकं अल्कोहोल. दुसऱ्या दिवशी सगळं बदला, कारण मेंदूतलं पाणी बाहेर येऊन ते पातळ झालेलं असतं. हे विसरलं की बाहेरून कडक आणि आतून सडलेला नमुना मिळतो. आठवडाभर ठेवा. मेंदू थोडा आक्रसेल, आणि अल्कोहोल चरबी विरघळवत असल्याने पांढऱ्या भागाची चमकही कमी होईल. पहिल्या धड्याला तेवढं चालतं. बरणी गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा, अल्कोहोल झटकन पेट घेतं.

हत्यारं फार लागत नाहीत: लांब, पातळ पात्याची सुरी, बारीक चिमटा, लहान कात्री, भिंग आणि खराट्याचा एक हीर.

आधी खालची बाजू

नवशिके मेंदू हातात आला की थेट मधोमध कापतात. तसं करू नका. मेंदूत काय येतं आणि काय जातं ते सगळं खालच्या बाजूला दिसतं. मेंदू पालथा घाला आणि चिमट्याने पातळ आवरण रक्तवाहिन्यांसकट हळूच सोला. मेंदूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड आवरण कवटीलाच राहिलं. मधलं जाळीदार आहे. आतलं मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरतं. मधल्या आणि आतल्या आवरणांच्या फटीत मेंदूला तरंगत ठेवणारा द्रव असतो. चेतांच्या मुळांजवळ सोलताना थांबा, आवरणाबरोबर चेताही निघून येतात.

पुढच्या टोकाला दोन घ्राणकंद आहेत, वासाचा पहिला थांबा. माणसाच्या तुलनेत ते केवढे मोठे आहेत ते पाहा. बोकड शेळीचं मूत हुंगून वरचा ओठ उचलतो, मान वर करतो, तेव्हा टाळूवरच्या एका वेगळ्या अवयवातून आलेली खबरही इथेच पोचत असते.

त्यामागे डोळ्यांच्या दोन जाड चेता एकमेकींना फुली मारतात. बोकडाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे एका डोळ्यातले बहुतेक तंतू फुलीत पलीकडे जातात, माणसात साधारण निम्मेच जातात. फुलीच्या लगेच मागे पीयूषिकेचा देठ आहे. ग्रंथी तुटून गेली असेल तर तिथे एक भोक दिसेल. देठाच्या वर हायपोथॅलॅमस: तहान, भूक, अंगाचं तापमान, माज.

आणखी मागे आडवा फुगवटा आहे तो पॉन्स, आणि त्याच्या बाजूंनी निघणारी सर्वांत जाड चेता पाचवी. चेहऱ्याची संवेदना तिची, आणि चावण्याच्या स्नायूंना हुकूमही तिचाच. दिवसातले कित्येक तास रवंथ करणाऱ्या जनावरात ती एवढी जाड असणारच. मेंदूतून अशा एकूण १२ जोड्या निघतात. पहिल्याच बैठकीत सगळ्या शोधायला बसू नका. पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी सापडली तर काम झालं. चौथी तर मेंदूच्या पाठीकडून निघते आणि धाग्याइतकी बारीक असल्याने बहुधा काढतानाच तुटते.

पॉन्सच्या मागचा निमुळता भाग म्हणजे मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके आणि गिळणं इथून चालतं. शेळीच्या बाबतीत आणखी एक काम: मोठ्या पोटाचं घुसळणं. त्याचा हुकूम इथून निघून दहाव्या चेतेने, म्हणजे व्हेगसने, पोटापर्यंत जातो. मोठ्या मेंदूला मार बसलेलं जनावर आंधळं होईल, वाट चुकेल, तरी श्वास घेत राहील. मार मस्तिष्कपुच्छाला बसला तर सगळं तिथेच थांबतं.

आता वरून, आणि मग सुरी

मेंदू सरळ करा. मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध, त्यांच्यामधली खोल फट, मागे आडव्या बारीक घड्यांचा लहान मेंदू. लहान मेंदू अंगठ्याने हलकेच खाली दाबला की त्याच्या आणि मोठ्या मेंदूच्या सांध्यात चार टेकाडं दिसतात. पुढची दोन पाहण्याशी निगडित, मागची दोन ऐकण्याशी. खुट्ट वाजलं की शेळीचे कान आणि मान एकदम तिकडे वळतात, ते काम मागच्या जोडीचं. टेकाडांच्या पुढे मध्यावर तुरीच्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी असते. अंधारात ती मेलॅटोनिन सोडते. थंड देशांतल्या शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, त्यामागे हीच आहे. आपली उस्मानाबादी मात्र वर्षभर माजावर येऊ शकते.

सुरी घेण्याआधी लहान मेंदूच्या खालच्या पोकळीतून पुढच्या दिशेने हीर सरकवा. भोथरं टोक पुढे, अजिबात जोर नको. टेकाडांच्या खालून जाणाऱ्या अरुंद नळीतून तो मधल्या पोकळीत पोचतो. मेंदूतला द्रव याच वाटेने मागे वाहतो. ही नळी बुजली की पुढच्या पोकळ्या फुगत जातात आणि पिल्लू मोठ्या डोक्याचं होतं.

आता मधला छेद. पातं अल्कोहोलने ओलं करा, दोन गोलार्धांच्या फटीत ठेवा, आणि टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत खाली या. दाबायचं नाही, करवतीसारखं मागेपुढेही नाही. छेद तिरका गेला तर अरुंद नळी एका अर्ध्यात पूर्ण दडून राहते. मग जाड अर्ध्याच्या आतल्या बाजूने मिलिमीटरभराचा काप काढत जा, ती उघडी पडते. मध्यभाग अजून गुलाबी आणि मऊ लागला तर तिथेच थांबा आणि दोन्ही अर्धे चार दिवस परत बरणीत टाका.

कापलेल्या बाजूवर वरच्या अंगाला पांढरा कमानदार पट्टा दिसतो. दोन गोलार्धांमधले तंतू त्यातून जातात. त्याच्या खाली गोल, राखाडी ठिपका म्हणजे डावा-उजवा थॅलॅमस जिथे चिकटलेले असतात ती जागा, बोकडात ती चांगलीच मोठी असते. वास सोडून बाकी सगळ्या संवेदना मोठ्या मेंदूच्या सालीकडे जाताना थॅलॅमसमध्ये थांबतात. मागे लहान मेंदूत पांढऱ्या रेघेला फांद्या फुटलेल्या दिसतील. लहान मेंदू हालचाल सुरू करत नाही, ती मोजून-मापून करवतो. तो बिघडलेलं कोकरू लुळं पडत नाही. ते पाय गरजेपेक्षा उंच उचलतं, दुधाकडे तोंड नेताना डोकं थरथरवतं आणि नेम चुकतं. लुळेपणा आणि बेतालपणा यांतला फरक ओळखता आला की निम्मा धडा आला.

एका अर्ध्याचे आडवे, सेंटीमीटरभर जाडीचे काप करा. बाहेरची राखाडी साल जेमतेम दोन मिलिमीटरची असते आणि आत पांढरा भाग. राखाडीत चेतापेशींची शरीरं असतात. पांढऱ्यात त्यांचे लांब अक्षतंतू असतात, आणि तंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणामुळे तो पांढरा दिसतो.

कण्यातली दोरी, रानेतली चेता

मानेचा अख्खा तुकडा मागून घ्या. मणक्यांची वरची कमान पक्कडीने तोडली की आत मेरुरज्जू दिसतो, पांढरी, करंगळीपेक्षा बारीक दोरी. नळीच्या हाडातून चोखून खातात ती चरबी वेगळी, तिचा चेतासंस्थेशी संबंध नाही. दुकानातल्या कापापाशी दोरी चेंगरलेली असते. ती आवरणासकट सोडवून घट्ट करा आणि मधे नव्या ब्लेडने काप द्या. इथे मोठ्या मेंदूच्या उलट दिसेल, राखाडी आत आणि पांढरं बाहेर. प्रत्येक बाजूला पाठीकडचं आणि पोटाकडचं अशी दोन मुळं निघतात. पाठीकडच्यातून संवेदना आत येते, पोटाकडच्यातून हालचालीचा हुकूम बाहेर जातो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजँदीने १८२२ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांच्या कण्यातली मुळं वेगवेगळी कापून हे दाखवलं. आज तो प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि योग्यच आहे. पाठीकडच्या मुळावर एक गाठ लागते, तिच्यात संवेदी पेशींची शरीरं असतात.

चेता कशी दिसते हे एकदा तरी जाड नमुन्यावर पाहावं. मागच्या रानेत, मांडीच्या मागच्या बाजूला, दोन मोठ्या स्नायूंच्या मधली फट बोटाने उघडा. पेन्सिलीएवढी पांढरी, चपटी पट्टी सापडते, ती सायॅटिक चेता. कंडरा चंदेरी, चकचकीत आणि कडक असतो. धमनी पोकळ असते, दाबून सोडली की पुन्हा गोल होते. चेता मळकट पांढरी, भरीव. तणाव न देता भिंगाखाली धरली तर तिच्यावर आडवे फिकट पट्टे दिसतात. टोक सोडवलं की आत अनेक बारीक जुड्या निघतात.

त्या जुड्यांमधल्या एकेका तंतूतून संदेश जातो तो विजेच्या तारेसारखा वाहत नाही. विश्रांतीत पेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते. ती उणे ५५ च्या आसपास आली की सोडियमची दारं उघडतात, आत क्षणभर अधिक ३० पर्यंत जातं, मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्ववत होतं. प्रत्येक जागेवर हे नव्याने घडतं. आवरण असलेल्या जाड तंतूत हे फक्त आवरणाच्या फटींपाशी घडतं, त्यामुळे वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढेही जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत सेकंदाला मीटरभर. पायाला ठेच लागली की आधी झणका आणि मग मागाहून ठणका येतो, तो याच फरकामुळे.

सांध्यावर काय बिघडतं

पेशी आणि पेशी यांच्या सांध्यावर २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. ती रसायनाने ओलांडली जाते, आणि चेतासंस्थेवरची अनेक विषं नेमकी इथेच बसतात. चेता आणि स्नायू यांच्यात ॲसिटिलकोलिन सुटतं आणि काम झालं की एक विकर ते लगेच तोडतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हे विकरच बंद पाडतात, त्यामुळे हुकूम थांबतच नाही. फवारलेला चारा खाल्लेली शेळी लाळ गाळते, बाहुल्या बारीक होतात, हगवण लागते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून थांबतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्यांना विषबाधा झाली, काही दगावले, त्या फवारण्यांतही या गटातली औषधं होती. त्यावरचं औषध ॲट्रोपिन लाळ, बारीक बाहुल्या आणि छातीतला स्राव आवरतं, स्नायूंचा अशक्तपणा मात्र त्याने जात नाही.

मण्यारचं विष याच सांध्यावर, पण उलट करतं. चेतेच्या टोकालाच निकामी करून हुकूम पोचू देत नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. धनुर्वाताचं विष मेरुरज्जूत जाऊन स्नायूंना ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशींची तोंडं बंद करतं, म्हणून सगळे स्नायू एकदम आवळतात.

जिवंत शेळीवर, इजा न करता

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला बोट लावा, पापणी मिटते. पाचवीने खबर आत नेली, सातवीने हुकूम आणला, मोठ्या मेंदूला विचारलंही नाही. आता हात डोळ्याकडे झटकन न्या, पण स्पर्श नको. शेळी डोळा मिटते, तरी ही साधी प्रतिक्षिप्त क्रिया नाही. ती शिकलेली असते आणि मोठ्या मेंदूच्या सालीतून जाते. नुकत्याच जन्मलेल्या करडात ती मिळत नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे हाताने वारा घालणं. वारा बुबुळाला लागला की पापणी पाचवीमुळे मिटते आणि आंधळं जनावरही डोळस वाटतं.

मग टॉर्चने बाहुली आकसते का पाहा. ही वाट दुसरीतून आत आणि तिसरीतून बाहेर, साल वगळून. बाहुली आकसते पण हात डोळ्याशी नेला तरी पापणी मिटत नाही, असं मोठ्या शेळीत दिसलं तर बिघाड बहुधा डोळ्यात नाही, सालीत आहे. धान्य जास्त खाल्लेल्या शेळीत बी-१ जीवनसत्त्व कमी पडून असं होतं. पशुवैद्यकाने वेळेत थायमिन, म्हणजे तेच बी-१, टोचलं तर नजर परत येऊ शकते.

डाव्या कुशीवर मूठ दाबून दोन मिनिटं थांबा. मिनिटाला एक-दोनदा पोट मुठीला वर ढकलतं. मस्तिष्कपुच्छातून व्हेगसने आलेला हुकूम तुमच्या हाताला लागतोय तो असा.

आवरताना

काप करताना कधीकधी मेंदूत पाण्याने भरलेली पातळ पिशवी निघते, आतल्या बाजूला पांढरे दाणे चिकटलेले. ही कुत्र्याच्या फीतकृमीची अळी. अशी पिशवी एका बाजूला वाढत गेली की शेळी एकाच दिशेने गोल गोल फिरत राहते. नमुना म्हणून ती बरणीत ठेवण्यासारखी आहे, पण तो भेजा किंवा त्याचा कुठलाही तुकडा कुत्र्याला घालू नका. तिथेच त्या दाण्यांचे कृमी होतात आणि अंडी परत चराईच्या गवतावर येतात. अल्कोहोल किंवा फॉर्मॅलिनमधला मेंदू तर कोणाच्याच खाण्याचा नाही. तो खोल पुरा, फॉर्मॅलिन सिंकमध्ये ओतू नका, आणि सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.